पदक, मजुरी आणि शाबासकी

पंचवटीत माझा एक जुना मित्र राहतो. गीता त्याला तोंडपाठ, आणि समोरच्याला टोचायची हौसही भरपूर. त्याचा एक ठरलेला प्रश्न असतो. तुमच्या धर्मात सारखं ते प्रतिफळ, मुकुट, स्वर्गातली संपत्ती कशाला लागतं रे? आमच्याकडे कसं, कर्म करायचं आणि फळाचं नाव काढायचं नाही. तुमचं म्हणजे आधी मजुरी ठरवा, मग फावडं उचला.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नवा करार उघडला की बक्षिसाची भाषा पानोपानी भेटते. डोंगरावरच्या प्रवचनात येशू छळ सोसणाऱ्यांना सांगतो, आनंद करा, स्वर्गात तुमचं प्रतिफळ मोठं आहे. थंड पाण्याचा नुसता एक प्याला दिला तरी देणाऱ्याचं प्रतिफळ बुडणार नाही, असंही तो म्हणतो. पौल शर्यतीच्या मैदानावरचा मुकुट पुढे करतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर देवाजवळ येणाऱ्याने तो प्रतिफळ देणारा आहे हे मानलंच पाहिजे, असं चक्क लिहिलंय. कुठे आडपडदा नाही, संकोच नाही.

मला हा मोकळेपणा आवडतो. राबणाऱ्या माणसाला आपलं काम कुणीतरी पाहावं असं वाटतंच. हे वाटणं मारून टाक, असं शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, सांगत नाही. तू ज्याच्यासाठी राबतोस तो बघतोय, इकडेतिकडे पाहू नकोस, एवढंच सांगतं. मित्राला मी हे ऐकवलं तर तो म्हणतो, म्हणजे शेवटी पगार आलाच की! आणि इथे मला थोडं थांबावं लागतं, कारण पगाराचा हिशोब मांडणाऱ्याला येशूने जी गोष्ट सांगितली ती भलतीच अडचणीची आहे.

हिशोब मांडणारा दुसरा तिसरा कोणी नाही, येशूचा शिष्य, खुद्द पेत्र. मत्तयाच्या शुभवर्तमानात एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी तो विचारतो: आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? येशू आधी आश्वासन देतो, बारा राजासनांचं, शंभरपटीचं. आणि लगेच, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्याची गोष्ट सुरू करतो. आपल्याकडे उपासनेत दर वेळी ही गोष्ट अध्यायाच्या सुरुवातीपासून वाचतात, त्यामुळे ती पेत्राला दिलेलं उत्तर आहे हे सुटूनच जातं.

नाशिककराला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की माणसांची ओढाताण सुरू होते. फेल म्हणजे नको असलेली फूट काढायची, घड डीपिंग करायचे, थिनिंग करायचं, पुढे निर्यातीचा माल असेल तर एकेका घडाला कागद लावायचा. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या उतरतात. एका हातात जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, द्रावणाचा मग, दुसऱ्या हाताने घड हळूच त्यात बुडवायचा, हलवायचा, सोडायचा, की पुढचा घड. बाया दिवसभर मान वर करून मांडवाखाली हेच करत असतात. थिनिंगच्या दिवसांत बारीक कात्री बोटांत अडकवून घडातले मणी विरळ करायचे. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडतो आणि बोटं चिकट हिरवी होतात. मुकादमाशी बोली कधी रोजावर असते, कधी एकरावर. आणि आभाळ भरून आलं, अवकाळीची चिन्हं दिसली, की बागायतदार मिळेल त्या भावात मिळेल तो माणूस गाडीत घालून आणतो.

म्हणून गोष्टीतला धनी पहाटे बाजारात जातो, पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला जातो, तेव्हा आमच्याकडच्या कुणालाच नवल वाटत नाही. नवल वाटतं ते संध्याकाळी पाचला. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना कोणता शेतकरी मजूर लावतो? आणि तिथे उभ्या असलेल्या लोकांना तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही.

मजूर नाक्यावरून सकाळी कामाला जाणाऱ्यांनी हे चित्र पाहिलेलं आहे. आठपर्यंत धडधाकट तरुण पोरं उचलली जातात. मग मध्यमवयीन. दहानंतर उरतात ते म्हातारे, एखादा हात अधू असलेला, कडेवर पोर असलेली बाई. ते घरी जात नाहीत, कारण घरी जाऊन सांगणार काय? उभं राहणं हेच त्यांचं त्या दिवसाचं काम असतं, आणि त्या कामाला रोज नाही. पाचच्या मजुरांना आळशी ठरवून मग देवाची कृपा मोठी करून सांगणारी प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्या प्रवचनकारांपैकी कुणी कधी नाक्यावर दुपारपर्यंत उभं राहिलं असेल, असं वाटत नाही.

मग मजुरीची वेळ. सगळ्यांना एक दिनार, म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज. पहाटेपासून उन्हात तापलेले कुरकुर करतात. यातली खुबी अशी, की धनी कारभाऱ्याला मुद्दाम शेवटच्यांपासून वाटायला सांगतो. आमच्याकडच्या कोणत्याही शहाण्या बागायतदाराने पहाटेच्यांना आधी पैसे देऊन गाडीत बसवून दिलं असतं, भानगडच नको. या धन्याला भानगड हवी होती. पहाटेच्यांनी बघावं, हीच त्याची इच्छा होती. पेत्रानेही बघावं.

पहाटेच्या मजुराचा मला राग येत नाही. मी त्याच्याच जातकुळीचा. पण त्याला रोज कमी मिळालेला नाही, ठरला तेवढाच मिळाला. त्याचं दुखणं शेजाऱ्याच्या तळहाताकडे पाहिल्यावर सुरू झालं.

नाशिकच्या मातीत विश्वासू सेवेची आणखी एक गोष्ट पुरलेली आहे, आणि ती द्राक्षांइतकी सगळ्यांना ठाऊक नाही. शरणपूर रोड म्हटलं की आज दवाखाने, शोरूम आणि ट्रॅफिक आठवतं. इथे 1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ख्रिस्ती वसाहत उभी केली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलामांची गलबतं पकडायचं. त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची, आणि त्यांतली बरीचशी शरणपूरच्या आश्रमात आणली जायची. तिथे त्यांना लिहायला वाचायला आणि सुतारकी, लोहारकीसारखे हातचे धंदे शिकवले जायचे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलेलं सापडतं. गोदाकाठी वाढलेली आफ्रिकेची पोरं!

त्यातला एक जेकब वेनराइट, आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. आफ्रिका धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याच्या मदतीला 1872 साली जी माणसं पाठवली गेली त्यांत नासिकच्या शाळेतले सहा जण होते, जेकब त्यांपैकी एक. 1 मे 1873 रोजी, आज ज्याला झांबिया म्हणतात तिथल्या चितांबो गावात लिव्हिंगस्टन वारले. सुसी आणि चुमा हे त्यांचे जुने सोबती म्होरके होते. सगळ्यांनी मिळून ठरवलं की साहेबाला त्याच्या मुलखात पोचवायचं. हृदय काढून झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीखही त्यानेच कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि काठीला बांधून खांद्यावर घेतला.

तिथून समुद्रकिनारा हजार मैलांहून लांब. वाटेत आजारपण, उपासमार. आजच्या टांझानियातल्या युन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला; तो म्हणाला, इथेच पुरून टाका. यांनी ऐकलं नाही. पुढे एका गावाने प्रेत आपल्या हद्दीतून न्यायला मनाई केली, तेव्हा यांनी खोटं बोचकं तयार करून ते पुरण्यासाठी परत पाठवल्याचं नाटक केलं, आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे नेला. 1874 च्या फेब्रुवारीत समुद्रकाठच्या बागामोयोला पोचले. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला, बहुतेकांचा पगार चुकता केला आणि रजा दिली. देहाबरोबर विलायतेला गेला तो एकटा जेकब, तेही मिशनने तिकीट काढलं म्हणून. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत शरणपूरच्या शाळेतला हा मुलगा होता.

रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने मग या वाहकांसाठी चांदीची साठ पदकं पाडली. त्यांवर इंग्रजीत अक्षरं होती: 'अखेरपर्यंत विश्वासू'. पदकं तयार होऊन आफ्रिकेत पोचेपर्यंत माणसं पांगलेली होती. कित्येकांच्या हाती ते कधी पडलंच नाही.

त्या अक्षरांवर मी बराच विचार केला आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, स्मुर्णाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, असंच काहीसं सांगितलंय, मरेपर्यंत विश्वासू राहा, मी तुला जीवनाचा मुकुट देईन. सोसायटीने तोच सूर उचलला, पण मुकुट देणाऱ्याच्या जागी स्वतः उभी राहिली, आणि विश्वासू कुणाशी, तर साहेबाशी. त्या लोकांनी खांद्यावर जे वाहिलं त्याला साहेबनिष्ठा हे नाव फार तोकडं पडतं. गुलामगिरीच्या विरोधात बोलणारा एक माणूस, रानात एकटा मेलेला, त्याला त्याच्या माणसांत पोचवायचं. यात कुणाचा हुकूम नव्हता. हुकूम करणारा तर मेला होता. उलट जिवंत अधिकारी पुरून टाका म्हणत होता. जेकब पुढे आफ्रिकेत परत गेला आणि 1892 साली उरांबोला वारला. त्याच सहा जणांतला मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात 1935 पर्यंत जगला. प्राइस साहेबांनीच पुढे मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही वसाहत काढली आणि शरणपूरची आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. आज शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलेल्या शंभरातल्या एकालाही हे माहीत नसेल. पदकाचं असं असतं.

पदक देता येतं ते माणसांना. येशूच्या गोष्टीत धनी देतो ती शाबासकी वेगळीच दिसते, आणि तिच्यातला चमत्कारिक भाग मला फार उशिरा दिसला. मत्तयाचा पंचविसावा अध्याय: धनी परदेशी जाताना दासांकडे रुपये सोपवतो, परत आल्यावर हिशोब घेतो. पाचाचे दहा करणाऱ्याला म्हणतो, शाबास, भल्या व विश्वासू दासा. आणि पुढे? तू थोड्याशा गोष्टींत विश्वासू राहिलास, आता मी तुला पुष्कळांवर नेमतो. म्हणजे चांगलं काम केल्याचं बक्षीस काय, तर आणखी काम! सुट्टी नाही, पेन्शन नाही. धन्याच्या आनंदात ये, असंही म्हणतो, पण हातातली जबाबदारी वाढवूनच.

हे कळायला मला माझी आत्या पाहावी लागली. ती एका मिशन हॉस्पिटलात नर्स होती, बाळंतपणाच्या वॉर्डात, बहुतेक रात्रपाळीला. निवृत्त झाली तेव्हा मंडळीत सत्कार झाला, शाल, श्रीफळ, फोटो. पुढच्याच रविवारी पाळकसाहेब दारात. आत्या, आता तुम्हाला वेळ आहे, तर आजाऱ्यांच्या भेटी तुमच्याकडे. तिने हो म्हटलं. तिची एक रेक्झिनची काळी पिशवी आहे, तिची चेन कधीच तुटली, सेफ्टी पिना लावलेल्या. आत रक्तदाबाचं यंत्र, कापूस, निलगिरीचं तेल, रबर बँड लावलेलं शास्त्र आणि पार्ले बिस्किटाचे दोन तीन पुडे. बिस्किटं आजाऱ्यासाठी नसतात, आजाऱ्याच्या घरातल्या पोरांसाठी असतात. पोरं गप्प बसल्याशिवाय प्रार्थना होत नाही, असं तिचं अनुभवाचं म्हणणं. सातपूरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्याची पाठ ती दर आठवड्याला पुसून पावडर लावून येत असे, का तर त्याच्या सुनेला कमरेचं दुखणं आणि मुलाला लाज वाटायची. म्हातारा मंडळीचा सभासद होता की नाही, हे तिने कधी पाहिलं नाही.

एकदा कुणीतरी तिला म्हणालं, आत्या, तुमचं प्रतिफळ स्वर्गात केवढं मोठं असेल. आत्या जराशी गोंधळली. "कशाचं?" म्हणाली.

विनय दाखवायची तिला सवय नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. आणि त्याच पंचविसाव्या अध्यायाचा शेवट मला आठवला. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. आजारी होतो, तुम्ही भेटायला आलात. तर ते विचारतात, प्रभू, कधी बरं? त्यांना ठाऊकच नसतं. ज्यांना सर्वांत मोठं बक्षीस मिळतं त्यांनी वही ठेवलेलीच नसते. पहाटेच्या मजुराकडे वही होती, पेत्राकडे होती, माझ्याकडेही आहे. माझ्या मित्राच्या फळाची आशा न धरण्याच्या तत्त्वाला आत्यापेक्षा चांगलं उदाहरण पंचवटीतही मिळायचं नाही, आणि तरी तिच्या शास्त्रात पानोपानी प्रतिफळ आहे. दोन्ही एकत्र कसं बसतं, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. तिला भेटींना उशीर होत असतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही, कारण त्या आमच्याच. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि 1936 मध्ये वारल्या त्याही नाशिकलाच. लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं तेवढंच शिक्षण, जोडाक्षरांशी कायमचं भांडण. नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट सोडून 1919 साली डोळे मिटले, तेव्हा उरलेला, म्हणजे खरं तर बहुतेक सगळा ग्रंथ या बाईने लिहून काढला. दुसऱ्याने हाती घेतलेलं, दुसऱ्याच्या नावावर ओळखलं जाणारं काम. बक्षिसाचा विचार करत बसली असती तर पहिल्या सर्गातच अडली असती.

आता एक कडवट गोष्ट. प्रतिफळाच्या शिकवणीचा सगळ्यात वाईट वापर मी बाहेर कुठे पाहिला नाही, मंडळीतच पाहिला. एका मंडळीत (नाव घेत नाही, अशा पुष्कळ आहेत) सेक्स्टनकाका, म्हणजे चर्चची देखभाल करणारे काका, वर्षानुवर्षं काम करत आले. उपासनेआधी घंटेचा दोर ओढायचा, बाकं पुसायची, वेदीवरची पितळी क्रूस आणि समया पितांबरी लावून घासायच्या, लग्न असेल तर मांडव, मयत असेल तर कबर खणणाऱ्यांना निरोप. क्रूसाच्या कोपऱ्यातलं काळं काढायला ते जुना टूथब्रश वापरतात. त्यांचा पगार किती, हे लिहायला मला लाज वाटते, आणि तोही महिनोन् महिने थकलेला. विषय निघाला की पंच कमिटीत कुणीतरी भक्तिभावाने म्हणायचं, काका पैशासाठी थोडंच करतात? सेवा आहे ती. देव त्यांना देईल.

आणि हीच मंडळी कापणीच्या सणाला लिलावात एकेका भोपळ्याला दोन दोन हजार मोजते. द्राक्षाची पेटी, गावठी अंडी, कोंबडा, सगळं हौसेने चढत्या बोलीने जातं. टाळ्या पडतात. त्या लिलावाची मांडामांड आणि नंतरचा केर, दोन्ही काकांकडे.

काकांना द्यायचं ते देव देईल याबद्दल मला शंका नाही. पण तो काकांचा आणि देवाचा प्रश्न आहे. कमिटीने तो स्वतःच्या चेकबुकावर झाकण म्हणून ठेवायचं काही कारण नाही. मजुराची मजुरी रात्रभर तुझ्याजवळ राहू नये, हे लेवीय पुस्तकात सांगितलंय. याकोबाचं पत्र तर घाम फोडणारं आहे. तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते आहे, आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे. द्राक्षमळ्याच्या धन्याचंही बघा. उदार तो नंतर होतो. त्याआधी दिवस मावळताच ठरलेला रोज हातावर ठेवतो. रोज बुडवून उदारपणा करणारा धनी अख्ख्या शास्त्रात सापडायचा नाही.

मागच्या बैठकीत हा विषय पुन्हा आला. भेटींचा अहवाल द्यायचा म्हणून आत्यालाही बोलावलं होतं, ती कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. सरकारी दराने पगार द्यायला लागलो तर मग ती सेवा कशी राहील? साधी नोकरीच होईल.

आत्या म्हणाली, "मला हॉस्पिटल दर महिन्याला पगार देत होतं. भविष्य निर्वाह निधी पण कापत होतं. मग मी तिथं काय केलं, दादा?"

दादांना उत्तर सुचलं नाही. पगारवाढीचा ठराव त्याच बैठकीत मंजूर झाला. थकबाकी मात्र पुढच्या बैठकीवर ढकलली आहे. खजिनदार म्हणतात, या वर्षी भोपळे कमी आले.